शून्य तक्रारींचे तीन गुण

मशीनताईला राग यायला कारण लागत नाही, असं तिच्या गल्लीत म्हणतात. हे खोटं आहे. कारण लागतं, पण ते तिला सकाळी आठच्या आत सापडतं. शटर अर्धं वर जातं न जातं तोच कुणीतरी शिलाई मशीन हातगाडीवर घालून हजर असतं आणि सांगतं, "ताई, आपोआप बंद पडली."

"आपोआप दूध नासतं. मशीन बंद पडत नाही. तेल कधी घातलं होतं?"

तेल कधीच घातलेलं नसतं. आत बॉबिनच्या खाली दोऱ्याचा गुंता, त्यात एक तुटकी सुई, दोन टिकल्या आणि एकदा तर दुधाचा दात सापडला होता. मशीनताई हे सगळं चिमट्याने उचलून गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवते आणि मग बोलायला लागते. तिच्या बोलण्याला भिऊन मशीन दुसरीकडे नेणारे लोक आहेत. महिन्याभराने तेच लोक तीच मशीन घेऊन परत येतात, म्हणजे मग ती दुप्पट बोलते.

हे काम तिला कुणी शिकवलं नाही. एकोणिसाव्या वर्षी ती कपड्यांच्या कारखान्यात शिवायला होती. मशीन अडली की मेकॅनिकला बोलवायचं, आणि मेकॅनिक यायचा तो मशीन बघायला कमी आणि शिवणाऱ्या बाईच्या खांद्यावरून वाकायला जास्त. बायका अंग चोरून बसायच्या. तक्रार करावी तर सुपरवायझर म्हणायचा, तो वाकणार नाही तर त्याला दिसणार कसं? तिने दोन महिने त्याचे हात कुठे जातात हे बघितलं, म्हणजे मशीनवरचे. मग एक पेचकस विकत घेतला. सहा महिन्यांत त्या रांगेतल्या कुठल्याच बाईला मेकॅनिकला हाक मारायची गरज राहिली नाही. कारखान्याने त्याला काढलं नाही, पण त्याला कुणी बोलवेनाच, तेव्हा तो आपणच गेला. आज तेवीस वर्षांनी त्याच कारखान्याच्या अठ्ठेचाळीस मशिनी ताईच्या हाताखाली आहेत, आणि दुकान वेगळं.

अशा बाईने व्हॉलीबॉलच्या लीगमध्ये तक्रारींचं खातं सांभाळावं, यात कुणाला नवल वाटलं नाही.

लीग निघाली तीही भांडणातूनच. शाळेच्या मागचं मैदान संध्याकाळी तरण्याबांड पोरांचं असायचं. बायका फिरायला आल्या की चेंडू नेमका त्यांच्याच पाठीत बसायचा आणि "सॉरी हं काकू" म्हणून हशा व्हायचा. एक दिवस तो ताईच्या पाठीत बसला. तिने चेंडू उचलला, पदराखाली घेतला आणि घरी नेला. दुसऱ्या दिवशी पोरं मागायला आली तेव्हा ती म्हणाली, देते, पण मीही खेळणार. मग बेकरीवाला आला, दातांचे डॉक्टर आले, निवृत्त पोस्टमन शिट्टी घेऊन पंच झाले. नियम साधा ठेवला: संघात सहा, त्यांत किमान दोन बायका, आणि वय, वजन, चाल, बोली, काहीही असो, येणाऱ्याला परत पाठवायचं नाही. चार वर्षांत आठ संघ झाले. रविवारी सकाळी सामने, त्याआधी शनिवारी सराव.

पहिल्या दोन वर्षांत तक्रारी आल्या, बारा-पंधरा. कुणी कुणाच्या पोटावरून बोललं, कुणी बायकांना मुद्दाम मागच्या कोपऱ्यात उभं केलं, कुणी एका मुलाच्या नाजूक आवाजाची नक्कल केली. ताईने एकेक प्रकरण हाताळलं आणि दर वेळी तिचं डोकं उठलं. प्रत्येक जण म्हणायचा, गंमत होती. मग गमतीला रडू का येतं, असं ताई विचारायची.

मग तिला युक्ती सुचली. कारखान्यात फळ्यावर लिहिलेलं असायचं: ज्या रांगेतून महिनाभर एकही खराब कपडा निघणार नाही, त्या रांगेला शनिवारी अर्धा दिवस सुट्टी. ताईला वाटलं, शिक्षेला माणूस पळवाट काढतो, बक्षिसाला मात्र धावत येतो. तिने लीगच्या समितीत मांडलं: ज्या संघाविरुद्ध अख्ख्या हंगामात एकही तक्रार येणार नाही, त्याला तीन गुण जादा. एक सामना जिंकल्याचे दोन गुण मिळत, म्हणजे तीन ही चैनच होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी नियम सुवाच्य अक्षरात लिहिला.

त्या हंगामात तक्रारी आल्या शून्य. पुढच्या हंगामात शून्य.

ताई ही गोष्ट भेटेल त्याला सांगायची. गिऱ्हाइकाला, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला, वीज मीटर वाचायला आलेल्या माणसाला. दुसऱ्या गावच्या एका लीगने फोन करून तो नियम उतरवून घेतला तेव्हा ती तीन दिवस कुणावर ओरडली नाही. सासूबाई नुसत्या म्हणाल्या, "बरी आहेस ना गं?"

ह्या सासूबाई दुकानातच असत. दृष्टी अधू, पण बोटं शाबूत. डब्यातले स्क्रू चाचपून त्या आकाराप्रमाणे वेगळे करायच्या आणि कान मात्र रस्त्यापर्यंत ठेवायच्या.

यंदा ताईच्या पिवळ्या संघात कुरिअरवाली आली. तिशीची, स्कूटरवरून दिवसाला ऐंशी घरं करणारी. लहानपणच्या तापात तिचे कान गेलेले. एका कानात यंत्र लावायची, पण खेळताना घामाने ते बिघडतं म्हणून काढून ठेवायची. ओठ बघून सगळं समजायचं. संघाने पहिल्याच दिवशी तिचं नाव "पार्सल" पाडलं. ताईनेही तीच हाक उचलली. ही पार्सल वरच्यावर चेंडू असा काही उचलून द्यायची की मारणाऱ्याला नुसता हात खाली आणायचं काम उरायचं. पिवळा संघ, जो गेल्या वर्षी सातवा होता, तो यंदा दुसरा.

संघाचा कप्तान होता विमावाला. घरोघर पॉलिसी विकणारा, हसतमुख, कुणाच्याही आईची चौकशी तिच्या आजाराच्या नावासकट करणारा. समितीतही तोच.

हंगामाच्या मध्यावर पार्सल सरावाला येईना. एक शनिवार गेला, दोन गेले, तीन गेले. निरोप यायचा, हात दुखतो. चौथ्या रविवारी ती सामन्याला आली तीही पंचांची शिट्टी व्हायच्या दोन मिनिटं आधी. ताईचं डोकं आधीच फिरलेलं.

"काय गं ए पार्सल," ती मैदानाच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "मैदान म्हणजे तुझं गोदाम वाटलं का, हवं तेव्हा यायचं आणि हवं तेव्हा जायचं? इथे बाकीचे रिकामटेकडे आहेत?"

दोन्ही संघ बघत होते. कुरिअरवालीने तिच्या ओठांवरचा शब्द न् शब्द वाचला आणि म्हणाली, "हात दुखत होता."

"दोन्ही?"

कुणीतरी हसलं. सामना सुरू झाला. कुरिअरवाली त्या दिवशी वाईट खेळली. कप्तान जवळ आला की ती दोन पावलं सरकायची आणि तिची जागा मोकळी पडायची. तीनदा चेंडू तिथेच पडला. तीनही वेळा ताई ओरडली, "जागा सोडू नकोस गं बाई, जागा सोडू नकोस." ओरडून उपयोग नव्हता, कारण कुरिअरवालीची तिच्याकडे पाठ होती.

मंगळवारी ताईला कारखान्यातून बोलावणं आलं. बाह्या जोडण्याच्या रांगेतली एक मशीन टाके सोडत होती. ताईने प्लेट काढली, चाक हाताने फिरवलं आणि तिला दिसलं की सुई खाली येते तेव्हा हुक तिच्यापर्यंत पोचतच नाही. असं एका दिवसात होत नाही. निदान तीन आठवड्यांचं दुखणं होतं. ती मशीनच्या खाली वाकली तेव्हा पायाला गोणी लागली. गोणीत बाह्या. शंभर तरी असतील, सगळ्या सुटलेल्या टाक्यांच्या.

"हे काय आहे?"

रांगेतली सगळ्यात जुनी शिवणारी म्हणाली, "हळू बोला ना ताई."

"हळू काय? तीन आठवडे मशीन मेलेली आहे आणि तुम्ही गोणी भरताय? मला एक फोन करता येत नव्हता?"

"फोन केला की नोंद होते. नोंद झाली की शनिवार गेला."

"एकीच्या मशीनसाठी?"

"एकीच्या मशीनने बाराजणींचा शनिवार जातो," म्हातारी म्हणाली. "ही बिचारी पहिल्याच दिवशी सांगायला निघाली होती. आम्हीच तिला बसवलं. म्हटलं, महिना काढ कसाबसा."

जिची मशीन होती ती मान खाली घालून सुटलेले टाके उसवत होती. ताईने हुक बसवला, टायमिंग लावलं, तेल घातलं आणि त्या सगळ्याजणींना उद्देशून असं काही बोलली की सुपरवायझर दार लावून आत बसला. मूर्खांनो, असं तिने सुरू केलं होतं. झाकून ठेवलं की दुखणं बरं होतं का, असं संपवलं.

दुकानात आल्यावरही तिची धार कमी झाली नव्हती. तिने पिशवी आपटली आणि सासूबाईंना सगळी कथा सांगितली. "अर्ध्या दिवसाच्या सुट्टीसाठी. शंभर बाह्या. आणि जिला त्रास तिलाच गप्प बसवतात. अशा बायकांना काय म्हणावं?"

सासूबाईंनी एक स्क्रू डब्यात टाकला. "तुझ्या त्या खेळातही असंच काहीतरी बक्षीस आहे ना गं?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"नाही, आपलं विचारलं."

"तिथे तक्रारी नाहीतच. दोन वर्षं शून्य आहे."

"हो का. मग ती कुरिअरची मुलगी कशाला आली होती?"

ताई थांबली. "कधी?"

"झाले असतील पाच आठवडे. तू फोनवर होतीस, त्या परगावच्या माणसाला शून्य-शून्य सांगत होतीस. ती समोर उभी होती. मग मला म्हणाली, पट्टा मिळेल का मशीनचा. मी म्हटलं, कुठली मशीन. तर म्हणाली, राहू द्या. तिच्याकडे मशीन आहे का?"

"नाही," ताई म्हणाली.

"मला तेव्हाच वाटलं."

"मग तेव्हाच सांगायला काय झालं होतं?"

"तू कुणाचं ऐकतेस?"

यावर ताईने पुष्कळ काही ऐकवलं. सासूबाईंचा डोळा, कान आणि अक्कल, तिन्हींचा उद्धार झाला. सासूबाई स्क्रू लावत राहिल्या. मग ताईने मध्येच बोलणं सोडलं, चपला घातल्या आणि निघाली.

कुरिअरचं गोदाम म्हणजे पत्र्याची एक लांबलचक खोली होती. जमिनीवर पांढऱ्या रंगाने चौकोन आखलेले, प्रत्येक चौकोनात एका भागाची खोकी. कुरिअरवाली उकिडवी बसून खोकी लावत होती, जड खाली, काचेचं वर. ताई तिच्या समोर जाऊन उभी राहिली. मग तिला सुचलं की उभं राहून बोललं तर हिला मान वर करावी लागेल. ती समोरच्या खोक्यावर बसली.

"त्याच्यावर नका बसू. आरसा आहे."

ताई उठून जमिनीवर बसली.

"हात कसा आहे?"

"हाताला काही झालेलं नाही."

"मग?"

कुरिअरवालीने दोन खोकी आणखी लावली. मग सांगितलं, अगदी पत्ता सांगावा तसं. कप्तान तिला जागा दाखवायची म्हणून पाठीमागून कमरेला धरतो. मानेला धरून तोंड फिरवतो. पहिल्यांदा वाटलं, चुकून. मग प्रत्येक सरावाला, ताई जाळीकडे तोंड करून उभी असताना. ती म्हणाली, हात लावू नकोस. तो हसला आणि म्हणाला, तुला ऐकू येत नाही, मग सांगू कसं? संघातल्या दोघींना सांगितलं. त्यांनीही बघितलं होतं. त्या म्हणाल्या, फायनलपर्यंत कळ काढ. आता बोललीस तर तीन गुण जातील, तीन गुण गेले तर आपण उपांत्य फेरीतून बाहेर. आणि ताईंना काय वाटेल? त्यांच्याच संघातून पहिली तक्रार.

"असं म्हणाल्या?"

"तुमचंच नाव पुढे करतात सगळे. मी तुमच्याकडे आलेही होते."

"मला माहीत आहे," ताई म्हणाली. आताच कळलं, हे तिने सांगितलं नाही. गर्व असा कुठेकुठे चिकटून राहतो.

"मी खेळ सोडणार आहे," कुरिअरवाली म्हणाली. "दिवसभर लोक दार उघडून माझ्याशी हातवारे करून बोलतात, मी माकड असल्यासारखं. मैदानावर दोन तास तरी तसं नव्हतं. आता तिथेही सरकत राहायचं असेल तर झोपलेली काय वाईट? रविवारच तर असतो."

"सोडू नकोस. आधी तक्रार लिही."

"आणि मग संघ मला सोडील की गिळील?"

"मला गिळतील. मी त्यांना पचत नाही."

कुरिअरवालीला हसू आलं असावं, पण ती खोक्यावरचा पत्ता वाचत होती.

समितीची बैठक डॉक्टरांच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत झाली. भिंतीवर किडलेल्या दाढेचं मोठं चित्र. समितीत पाच जण: डॉक्टर, बेकरीवाला, पंच, ताई आणि स्वतः विमावाला. कुरिअरवालीने खुर्ची ओढून अशा ठिकाणी लावली की पाचही तोंडं दिसतील. "एकेक जण बोला," ती म्हणाली. "दोघं एकदम बोललात तर मला एकही कळत नाही."

"ज्याच्यावर तक्रार आहे त्याने बाहेर बसायचं," ताई म्हणाली.

विमावाला हसला. "ताई, असा नियम कुठे आहे?"

"नाहीये. तो आत्ता होतो आहे. तुझं म्हणणं सांग आणि बाहेर जा."

"माझं म्हणणं साधं आहे. मी शिकवत होतो. हिला हाक मारून उपयोग नाही. तुम्हीच सांगा, दुसरं काय करणार माणूस?"

उत्तर कुरिअरवालीने दिलं. "समोर येऊन बोलायचं. बाकीच्या चौघांना तू हात न लावता शिकवतोस. त्यांतल्या दोघांना तर ऐकू येऊनही कळत नाही."

बेकरीवाल्याने खोकल्याचं निमित्त केलं. डॉक्टर म्हणाले, "म्हणजे गैरसमज झाला असं म्हणता येईल का? मधला काही मार्ग..."

"डॉक्टर, दाढ किडली तर तुम्ही मधला मार्ग काढता का?" ताईने विचारलं. मग ती पंचांकडे वळली. "पोस्टमनकाका, तुम्ही सरावालाही त्या उंच स्टुलावर बसता. तुम्हाला दिसलं नाही?"

काका बराच वेळ शिट्टीच्या दोरीशी खेळले. "दिसलं होतं. दोन-तीनदा दिसलं."

"मग?"

"शिट्टी चेंडूसाठी असते, असं मला वाटलं."

ताईने डोळे मिटून घेतले. तिला ओरडायचं होतं, पण ओरडायला कुणाकडे बघावं तेच कळेना. खोलीतल्या प्रत्येकाने थोडं थोडं झाकलं होतं आणि झाकायचं कापड तिने स्वतः शिवून दिलं होतं.

विमावाल्याने जाता जाता शेवटचा घाव घातला. "ताई, गंमत बघा. ते तीन गुण तुम्हीच आणलेत. गावोगाव सांगत फिरलात. आता आपल्याच संघावर पहिली तक्रार घेऊन आलात. लोक विचारतील, दोन वर्षं शून्य होतं ते काय होतं?"

"खोटं होतं," ताई म्हणाली.

हा शब्द तिला सोपा गेला नाही. तो बोलून झाल्यावर ती किडलेल्या दाढेकडे बघत बसली. मग तिने तेच पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने, कारण डॉक्टर काहीतरी लिहीत होते आणि त्यांनी वर बघितलं नव्हतं. "दोन वर्षांत कुणाला त्रास झाला नाही असं नाही. कुणाला सांगू दिलं नाही. तीन गुणांनी सगळ्यांची तोंडं बांधली. कल्पना माझी होती, टाळ्या तुमच्या होत्या. तो नियम आजपासून बंद. यापुढे तक्रार आली म्हणून संघाचा एकही गुण जाणार नाही. ज्याने केलं त्यालाच भोगू दे."

"हंगामाच्या मध्ये नियम बदलता येत नाही," बेकरीवाला म्हणाला. त्याचा निळा संघ पहिला होता, त्यालाही तीन गुण हवे होते.

"तुझ्या भट्टीला आग लागली तर तू पाव निघेपर्यंत थांबशील का?"

दोन तास गेले. विमावाल्याचं कप्तानपद गेलं आणि उरलेल्या हंगामात त्याला मैदानावर पाऊल ठेवायचं नाही, असं ठरलं. जादा गुण सगळ्यांचे रद्द झाले. बेकरीवाला शेवटपर्यंत कुरकुरत होता, पण हात त्याने वर केला. काकांनी सांगितलं की इथून पुढे चेंडू सोडून इतर गोष्टींसाठीही शिट्टी वाजेल. ताई म्हणाली, उपकार झाले.

पण त्यानंतर कप्तान नसलेला पिवळा संघ लागोपाठ दोन सामने हरला. पाचव्यावर आला. उपांत्य फेरी चार संघांची. संघातल्या त्या दोघीजणी ताईशी बोलेनाशा झाल्या. एकीने मशीन दुसऱ्या दुकानात नेली. "आपलेच दात आणि आपलेच ओठ, तर चावायचं कशाला?" असं ती गल्लीत म्हणत होती. विमावाल्याच्या बायकोने ताईला बाजारात अडवून विचारलं, माझ्या नवऱ्याचं नाव बदनाम करून तुम्हाला काय मिळालं? ताईकडे याला उत्तर होतं, पण त्या बाईच्या तोंडाकडे बघून तिने ते दिलं नाही. तिने फक्त तिच्या हातातली जड पिशवी घेतली आणि कोपऱ्यापर्यंत नेऊन दिली. त्यावरही ती बाई रागावलीच.

कुरिअरवालीने खेळ सोडला नाही. पिवळ्या संघात परत यायला मात्र तिने नकार दिला. "ज्यांनी गप्प बस म्हटलं त्यांना मी चेंडू उचलून देणार नाही," ती म्हणाली. समितीने तिला निळ्या संघात जागा दिली आणि बेकरीवाल्याची कुरकुर त्या दिवसापुरती थांबली.

आणि मग तक्रारी यायला लागल्या. दोन वर्षांचा तुंबलेला नळ सुटावा तशा. पंधरवड्यात आठ. एका संघाने बायकांना नुसतं संख्येपुरतं ठेवलं होतं, चेंडू त्यांच्याकडे जाऊच द्यायचा नाही. एका मुलाला लग्नावरून टोमणे. एका आजोबांना "काका, आता वर जाल" म्हणून दर सामन्याला निरोप. ताई रोज दुकान मिटल्यावर पाकिटं उघडायची, वाचायची, कपाळावर हात मारायची आणि सासूबाईंना वाचून दाखवायची.

सहावं पाकीट उघडलं तेव्हा तिने वाचून दाखवलं नाही.

"काय झालं?" सासूबाई म्हणाल्या.

"काही नाही."

"काही नाही तर इतका वेळ काय वाचतेस?"

कागदावर अक्षर नीट, तारीख, वेळ, साक्षीदार दोन. अमुक रविवारी सामन्याआधी पूर्ण मैदानासमोर "पार्सल" अशी हाक मारून अपमानास्पद बोलल्या. हाताच्या दुखण्याची थट्टा केली. खाली कुरिअरवालीची सही.

"हिच्यासाठी मी अख्खा संघ अंगावर घेतला," ताई म्हणाली. "ही माझ्यावरच?"

"बोलली होतीस का तसं?"

"बोलले होते. पण मला काय माहीत होतं तेव्हा की..."

"गंमत केलीस म्हण ना मग," सासूबाई म्हणाल्या.

ताईने सासूबाईंकडे असं बघितलं की दृष्टी धड असती तर त्या उठून गेल्या असत्या.

पुढच्या बैठकीत सहावी तक्रार आली तेव्हा ताई न सांगता उठली आणि बाहेर जाऊन बसली. दवाखान्याच्या बाहेरचा बाक अरुंद होता. शेजारी गाल सुजलेला एक पेशंट होता, तो तिच्या चेहऱ्याकडे बघून थोडा सरकला. आत पाऊण तास काय चाललं होतं कुणास ठाऊक. मधल्या मार्गावर पाऊण तास गेला असणार, असं तिच्या मनात आलं आणि पहिल्यांदाच तो मार्ग निघावा असंही वाटलं. निघाला नाही. डॉक्टरांनी बाहेर येऊन घसा साफ केला आणि सांगितलं: जिथे बोललात तिथे, तितक्याच लोकांसमोर, माफी. शिवाय यापुढे ताईंवरच्या तक्रारी ताईंकडे द्यायच्या नाहीत.

"माझ्यावर आणखी आहेत?"

"सध्या दोन," डॉक्टर म्हणाले आणि आत गेले.

रविवारी पिवळा विरुद्ध निळा. ताई मैदानाच्या मध्यभागी गेली. समोर कुरिअरवाली निळ्या कपड्यांत. ताई जमिनीकडे बघून भराभरा काहीतरी म्हणाली.

"दिसलं नाही," कुरिअरवाली म्हणाली.

ताईने रुमालाने तोंडावरचा घाम पुसत पुन्हा सांगितलं.

"रुमाल."

ताईने रुमाल खाली घेतला, मान वर केली आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, की मी तुला सगळ्यांसमोर बोलले ते चुकलं, ती हाक चुकली, आणि तू दुकानात आलीस तेव्हा मी फोन ठेवला नाही तेही चुकलं. शेवटचं समितीने सांगितलेलं नव्हतं.

कुरिअरवालीने मान हलवली. "ठीक आहे," ती म्हणाली. "शेवटचं मी लिहिलं नव्हतं."

"मला ठाऊक आहे काय लिहिलं होतंस. चार वेळा वाचलंय."

काकांनी शिट्टी वाजवली. सर्व्हिस निळ्यांची, आणि करायला कुरिअरवालीच. तिने चेंडू असा मारला की तो जाळीवरून चाटून आला आणि ताई व तिच्या शेजारचा दरवाजे रंगवणारा, या दोघांच्या बरोबर मध्ये पडला. दोघंही जागचे हलले नाहीत.

"अरे तो तुझा होता, तुझा," ताई ओरडली. "डोळे रंगात बुडवून आलास का?"

रंगारी कमरेवर हात ठेवून म्हणाला, "ताई, तक्रार करू का?"

निळा संघ हसायला लागला, मग पिवळाही. त्या दोघीजणींपैकी एक हसलीसुद्धा, मग आठवण होऊन थांबली. ताईचा चेहरा लाल झाला होता.

"कर," ती म्हणाली. "पण माझ्याकडे नको आणूस. डॉक्टरांकडे दे." आणि रंगाऱ्याच्या दंडाकडे गेलेला हात मागे घेऊन, बोटाने जमिनीवरची जागा दाखवत म्हणाली, "आणि इथे उभा राहा. ती परत इथेच मारणार आहे."